पाळकाच्या घरी कडू घास

विनितानं चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला आणि म्हणाली, "उद्या हे उपदेशाला उभे राहिले, तर मी मागच्या दारानं निघाले. परत यायची नाही."

आवाज चढवला नाही तिनं. माझी ही थोरली सून रागावली की हळू बोलते. धाकटी, शशिकला, रागावली की अख्ख्या रोडपालीला कळतं. म्हणून थोरलीला मी जास्त घाबरते. घाबरते म्हणजे जपून असते. घाबरत मी कुणालाच नाही.

शनिवारची दुपार होती. खाली आमचा प्रार्थनेचा हॉल, वर आम्ही राहतो. वरच्या खोलीत दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि मी, असे बसलो होतो ते उद्याचं ठरवायला. उद्या खाली प्रांजलच्या स्मरणाची उपासना. प्रांजल म्हणजे सत्यजीत-विनिताची एकुलती, माझी नात. कॉलेजात जायची. ताप आला, पेशी उतरल्या, आणि अंगावर घ्यायची चादर बदलावी इतक्या सहज पोर गेली. मागच्या आठवड्यात तिला मातीत ठेवून आलो.

सत्यजीत खिडकीपाशी पवित्र शास्त्र उघडून बसला होता. माझा थोरला. बापामागं तोच आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक झाला. दाढी घोटून केलेली, सदरा इस्त्रीचा. म्हणाला, "विनी, मंडळी खचलीय. त्यांना धीर द्यायला कुणीतरी उभं राहायला पाहिजे. पाळक मी आहे."

"आणि बाप कोण आहे?"

"बाप म्हणूनच साक्ष देणार."

"दादा, ऐक," कुंदन मध्ये पडला. हा माझा धाकटा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचे ट्रेलर चालतात. "पनवेलचे जुने पाळकसाहेब आहेत ना, रिटायर झालेले, त्यांना मी विचारलंय. ते यायला तयार आहेत."

"माझ्या मुलीची उपासना परका माणूस घेणार?"

"भावजींनीच घ्यावी," शशिकला म्हणाली. "ते बोलले की माणसाच्या काळजाला लागतं. आणि लोक काय म्हणतील? पाळकाच्याच घरात पाळक गप्प?"

"तू गप्प बैस," कुंदन म्हणाला.

"मी का गप्प? तुम्ही मला न विचारता पनवेलला फोन केलात तो?"

म्हणजे बघा, नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं. थोरल्यांचंही तेच. चार माणसांच्या चार दिशा, आणि मधोमध मी, सुपारी कातरत. चाळीत राहिलेलं कुटुंब आहे आमचं. भांडायला मोठी जागा लागत नाही.

विनिता उठली. दाराशी थांबून म्हणाली, "फोन बंद करून लोकांच्या दुःखात बसायची सवय आहे ना पाळकसाहेबांना. उद्याही बसू दे. मी फोन करणार नाही."

नवऱ्याला ती कधी पाळकसाहेब म्हणत नाही. सत्यजीतनं शास्त्राचं पान उलटलं. उलटं उलटलं, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

---

हे फोनचं सांगितलं पाहिजे, कारण घरातला काटा तोच होता.

माझा नवरा पाळक होता तेव्हा त्याचा एक नेम होता. मरणाच्या घरी गेलं की घड्याळाकडं बघायचं नाही. हातातलं काढून खिशात टाकायचं. दुःखी माणसाला वाटलं पाहिजे की या माणसाला दुसरीकडं जायचंच नाही. सत्यजीतनं तो नेम पुढं चालवला. आता घड्याळ कोण बघतं, म्हणून हा फोन बंद करून गाडीत ठेवतो.

ज्या संध्याकाळी प्रांजलचं दुखणं पालटलं, तेव्हा सत्यजीत गव्हाणला होता. तिथल्या जनीचा मुलगा मिथुन कुंदनच्या ट्रेलरवर होता. उरण रस्त्यावर अपघातात गेला बिचारा. घर आगरी, हिंदू. आमच्या मंडळीशी त्यांचा काही संबंध नाही. पण सत्यजीत दुःखाला जात विचारत नाही, हे त्याच्या बापाचं. सकाळी प्रांजलचा ताप उतरला होता, डॉक्टर म्हणाले होते घाबरू नका, म्हणून गेला. इकडं विनिता दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून फोन करतेय, करतेय. तो फोन गाडीच्या खणात मुका. हा पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यावर विनिता एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पण लोक दारात, आणि हा दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे पुसतोय! आपल्या मुलीच्या मातीला आलेल्यांना पाणी दिलं यानं. मी म्हणते, पाणी द्यायला बाकीच्यांचे हात मोडले होते?

आणि इथंच माझ्या ध्यानात आलं, याला कडू घास मिळालाच नाही.

आमच्यात माती देऊन आलं की घरच्या माणसांना कडू घास देतात. आमच्यात म्हणजे ख्रिस्ती झालो म्हणून सोडलेलं नाही, आजा-पणजापासून आलेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. दुसऱ्या घरात भाकरी आणि बिनफोडणीचं वरण करायचं आणि त्या घरच्या बाईनं आपल्या हातानं घरच्यांच्या तोंडात पहिला घास घालायचा. घरचा हात चालत नाही. बाहेरचाच पाहिजे. तो घास गिळताना माणूस रडतो. रडला की जेवतो, जेवला की झोपतो. साधी गोष्ट आहे. औषध आहे ते.

आता आमच्या मंडळीत हे भांडं निघतं कुठून? पाळकाच्या घरून! कुणाच्याही घरी मरण झालं की माझ्या चुलीवर वरण चढलं. सासूच्या काळापासून हेच. मंडळीला सवयच ती. मग पाळकाच्याच घरी मरण झाल्यावर काय झालं असेल? बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एकीला वाटलं दुसरी आणेल, दुसरीला वाटलं पाळकाच्या घरचं आपण कसं न्यायचं, त्यांना सगळं ठाऊक. शेवटी कुंदननं हॉटेलातून पुलावाची पाकिटं मागवली. सत्यजीतनं प्रार्थना केली आणि पाकिटं वाटली. स्वतः बिस्कीट खाल्लं. विनितानं तेही नाही.

काल मी मंडळीतल्या सुनीताला फर्मावलं, "उद्या-परवा नाही, आत्ता घेऊन ये." ती भली बाई. करून आणलं. ताट घेऊन सत्यजीतपुढं बसली, घास उचलला, आणि हा तिला विचारतो, "सुनीताबाई, तुमच्या साखरेचं काय म्हणाले डॉक्टर?" झालं! तिचा नवरा गेला तेव्हा यानंच तिला सावरलेलं. तिला सगळं आठवलं, ती रडायला लागली, यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती डोळे पुसत घरी गेली. ताट तसंच. हा कोरडा ठणठणीत.

तेव्हा मला कळलं की मंडळीतल्या कुणाचाच हात याला चालायचा नाही. मंडळी समोर आली की हा पाळक होतो. कासवासारखा आत जातो, आणि वर दिसते ती फक्त पाठ.

---

सत्यजीत शास्त्र घेऊन खाली गेल्यावर मी म्हटलं, "शशिकला, गाडीची किल्ली घे."

"कुठं जायचं, आई?"

"गव्हाणला. जनीकडं."

खाली रस्त्यावर ट्रेलर मागं घेतानाचा टूं टूं आवाज चालला होता.

"आई, डोकं फिरलंय का?" कुंदन उभाच राहिला. "त्या बाईचं नाव जरी वहिनीसमोर घेतलं ना..."

"नाव नाही घेत. तिलाच आणते."

"अगं, तिच्याच घरी दादा होता तेव्हा! वहिनी तिला दारातून हाकलेल."

"हाकलू दे. राग धरून बसलीय ती, आणि धरायला समोर माणूस नाही. नवऱ्यावर काढावा तर तो सदरा इस्त्री करून बसलाय. रागाला तोंड दिसलं पाहिजे, कुंदन. नाहीतर तो घरातल्याच माणसाला खातो."

"आणि नाही ऐकलं तिनं? उद्या खरंच निघून गेली तर?"

"आणली नाही तर ती जाणारच आहे. आणली तर कदाचित जाईल. तू धंदेवाला आहेस ना, तूच सांग, कुठला सौदा बरा?"

कुंदन परत खाली बसला. शशिकला मात्र उठली. मला वाटलं ही नवऱ्याची कड घेणार. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मी नेते. पण आई, तिथं तुम्ही मागणार कसं? तुम्ही आजवर कुणाच्या दारात काही मागितलंय?"

खोचक प्रश्न होता. खरा होता. माझ्या नवऱ्याचा पगार होत नव्हता तेव्हासुद्धा मी शेजारणीकडं विरजण मागितलं नाही, दूध तसंच प्यायलो.

"मी मागणार नाही," मी म्हटलं, "मी तिला सांगणार."

"तेच म्हटलं," शशिकला म्हणाली.

---

गाडीत शशिकला बोलत होती. ती गाडी चांगली चालवते, तोंड त्याहून चांगलं. उरण रस्त्याला लागलो, दोन्हीकडं कंटेनरची रांग, आणि ती म्हणते, "मी भावजींनी बोलावं म्हणत होते, ते मला नाही पटत, हं. पण आमचे हे पुढं पुढं करतात ना, म्हणून मी उलटं बोलते."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला सगळंच ठाऊक असतं."

"सगळं नाही. पुढचं वळण कुठलं ते ठाऊक नाही. बघून चालव."

जनीचं घर दुमजली. पुढं ओटी आणि ओटीवर झोपाळा. तिचा म्हातारा सासरा, दादू म्हणतात त्याला सगळे, झोपाळ्यावर बसला होता. आम्हाला बघून त्यानं विचारलं, "मिथुनला बघला का? कवा येल तो?"

मी काही बोलायच्या आत जनी आतून आली. काळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई, केसांत फूल नाही. मला बघितलं आणि जागच्या जागी बसली, उभी होती तिथंच, उंबऱ्यावर.

"माना म्हायती होता," ती म्हणाली. "तुमी येनार. शिव्या द्यायच्या तर द्या, माय. मी आयकून घेन. तुमची पोर गेली आन तुमचा पोरगा माझे ओटीवर बसला होता."

"शिव्या द्यायला मी पेट्रोल जाळत नाही," मी म्हटलं. "चूल पेटलीय का तुझी?"

"पेटते आता. दहावा झाला."

"मग भाकरी टाक आणि वरण कर. बिनफोडणीचं. आमच्यात कडू घास म्हणतात."

"आमच्यात पन हाय त्यो. नाव कायबी असू दे." मग तिला कळलं मी काय सांगतेय ते. "मी? मी तुमच्या घरी देऊ? तुमची सून माना उभी करंल?"

"नाही करणार. म्हणून तर मी न्यायला आलेय."

ती बघत राहिली माझ्याकडं. मी पण बघत राहिले. खाली बघायची सवय मला नाही आणि तिलाही नव्हती. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "जने," मी म्हटलं, "माझ्या घरी दिलं नाही कुणी. तू दे."

शशिकला माझ्याकडं बघतच राहिली. तिनं ही गोष्ट पुढं गावभर केली, करू दे. खरी आहे.

जनी उठली, पीठ काढायला आत गेली.

---

आम्ही तिकडं होतो तेव्हा इकडं काय चाललं होतं ते मला कुंदननं सांगितलं.

विनिता प्रांजलच्या खोलीत दार लावून बसली होती. सत्यजीत खाली हॉलमध्ये होता. कुंदन त्याच्या मागं जिन्यात जाऊन बसला, अंधाऱ्या वळणावर, लहानपणी बापाचा मार चुकवायला बसायचा तिथंच. खाली रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आणि सत्यजीत व्यासपीठावर उभा राहून उद्याचं बोलून बघत होता.

आवाज छान लागला होता म्हणे. "प्रिय मंडळी, आज आपण दुःखानं नाही, आशेनं जमलो आहोत. आमची लाडकी..." आणि थांबला. पाणी प्यायला. पुन्हा पहिल्यापासून. "आमची लाडकी..." आणि एकदम, "...आज प्रभूच्या घरी आहे." मधलं नाव नाही. तिसऱ्यांदा त्यानं आवाज मोठा केला, तरी तिथंच उडी मारली. लंगडा घोडा चर बघून बिचकतो तसा.

कुंदनला तेव्हा कळलं, तो मला म्हणाला, की दादानं पोर गेल्यापासून तिचं नाव घेतलेलंच नाही. फोनवर सगळ्यांना सांगायचा, "प्रभूनं आमच्या मुलीला विसावा दिला." दाराशी सांगायचा, "ती घरी गेली." गेली, निजली, विसावली. मेली म्हणाला नाही. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलता बोलता या शब्दांची त्याला इतकी सवय झालेली की त्याला त्यांच्याआड लपता आलं.

कुंदन उठून खाली जाणार होता. पण धाकटा भाऊ तो. थोरल्याला जवळ घ्यायची आमच्या घरात रीत नाही. तो जिन्यात बसून राहिला, आणि नंतर मला म्हणाला, "आई, तेव्हा मला वाटलं, तू कुणालाही आण. आगरीण आण, भटजी आण. पण आण."

---

आम्ही पोचलो तेव्हा उजेड होता अजून. जनीच्या हातात फडक्यात बांधलेलं ताट. तिला मी पुढं घातलं. दार वाजवलं नाही, हाक मारली, "विनिता, बाहेर ये. पाहुणी आलीय."

विनिता आली. जनीला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण बाईला बाई ओळखते. 

"ही कोण?"

"गव्हाणची जनी."

"आई, हिला इथून न्या."

सत्यजीत आवाज ऐकून वर आला. जनीला बघून त्याचा चेहरा लगेच मऊ झाला, पाळकाचा झाला. "जनीताई, तुम्ही? दादूबाबा कसे आहेत?"

"तुमी गप ऱ्हा," जनी त्याला म्हणाली. त्याला असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. मी म्हणते ते वेगळं. मग ती विनिताकडं वळली. "बाय, माना बोल तू. काय बोलायचा तं बोल. तुजा नवरा माझ्या दारात होता."

विनिता एक पाऊल पुढं आली. मला वाटलं आता ताट उडतं. पण तिनं विचारलं, "काय करत होते ते तिथं?"

"काय?"

"मी चौदा वेळा फोन केला. चौदा. ते तिथं असं काय करत होते जे अर्ध्यात सोडता आलं नाही? उपदेश करत होते? प्रार्थना? तुम्ही तर आमच्यातल्याही नाही. काय करत होते?"

हा प्रश्न तिनं नवऱ्याला विचारला नव्हता. इतके दिवस पोटात घेऊन फिरत होती.

जनी ताट घेऊनच खाली बसली, फरशीवर. "नाय केला त्यानी उपदेश. देवाचा नावबी नाय घेतला. माझा सासरा हाय ना दादू, त्याचा डोका ऱ्हात नाय. तो घडीघडी इचारतो, मिथुन कवा येल. घरात पन्नास मानसा, पन दादूला कोन सांगंल? एकदा मी सांगला. सांगला तवा तो रडला, मी रडली. थोड्या टायमानी परत इचारला, मिथुन कवा येल? परत सांगायचा? बाय, माझ्या तोंडातून परत परत निंगत नव्हता, माझा पोर मेला, माझा पोर मेला." ती थांबली. "तवा तुजा नवरा झोपाल्यावर दादूचे बाजूला बसला. दादू इचारायचा, तो सांगायचा, 'बाबा, मिथुन मेला.' दादू रडायचा, ह्यो त्याचा हात धरायचा. परत इचारायचा, परत सांगायचा. मी आतून आयकत होती. दिवस बुडंपरयंत त्योच सांगत होता, माज्या जागी. माना परत सांगायला लागला नाय. येवढाच केला त्यानी."

शशिकला भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

विनिता नवऱ्याकडं वळली.  मग म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता, मला केवढं बरं वाटलं, "तिकडं सांगितलंत. त्या म्हाताऱ्याला सांगितलंत. मला कधी सांगितलंत?"

"विनी, तू तर तिथंच होतीस..."

"मी होते! मी एकटी होते! डॉक्टरनं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं, मी माझ्या आईला सांगितलं, तुमच्या आईला सांगितलं, कॉलेजात सांगितलं. रोज कुणाचातरी फोन येतो आणि मी सांगते. आणि तुम्ही आलात की म्हणता, ती विसावली! कोण विसावली? तिचं नाव नव्हतं का? मला सांगा. त्या म्हाताऱ्याला सांगितलंत तसं सांगा मला."

सत्यजीत उभा होता.  मी त्याला जन्म दिलाय. चालायला उशिरा लागला होता, तेव्हा भिंत सोडताना असाच उभा राहायचा. मी पुढं गेले नाही. तेव्हाही गेले नव्हते.

"विनी," तो म्हणाला. "प्रांजल मेली."

आणि तो बसला. त्या आगरी बाईच्या शेजारी फरशीवर, इस्त्रीच्या सदऱ्यासकट. तोंडातून जो आवाज आला तो पाळकाचा नव्हता, माणसाचाही म्हणता येत नाही. "प्रांजल मेली. मी नव्हतो. मी नव्हतो, विनी."

विनिता त्याच्याजवळ गेली नाही लगेच. खोटं कशाला सांगू? ती उभी राहिली, दाराची चौकट धरून, आणि तिथंच रडली. मग हळूहळू खाली बसली, त्याच्यापासून हातभर लांब. तो हातभर अजून आहे. पण बसली.

जनीनं फडकं सोडलं. तांदळाची पांढरी भाकर, मऊ, आणि पितळेच्या वाटीत वरण. तिनं भाकर कुस्करली, घास केला आणि सत्यजीतच्या तोंडाशी नेला. यानं सवयीनं डोळे मिटले, हात जोडायला लागला.

"हात खाली कर," मी म्हटलं. "देवानं ऐकलंय. तोंड उघड."

त्यानं घास घेतला. गिळवेना. जनी पाठीवर हात फिरवत होती, लहान पोराला ठसका लागल्यावर फिरवतात तसा. गिळला एकदाचा. दुसरा घास तिनं विनिताकडं नेला. विनिता जनीकडं बघत राहिली, मग जनीचं मनगट धरलं तिनं. मला वाटलं ढकलते. तिनं मनगट धरूनच घास तोंडात घेतला आणि मनगट सोडलं नाही.

कुंदन दारात आला होता. त्याला अशा वेळी नेमकं काहीतरी काम सुचतं. म्हणाला, "दादा, मग उद्याचं?"

"तुझ्या त्या साहेबांना फोन कर," सत्यजीत म्हणाला, नाक पुसत. "त्यांना म्हणावं, तिचं नाव घ्या. मी विनीशेजारी बसणार आहे. ती बसू देईल तिथं."

विनितानं पदरानं त्याच्या सदऱ्यावर सांडलेलं वरण पुसलं. जरा जोरातच पुसलं.

जनीनं तिसरा घास केला आणि माझ्याकडं वळली.

"मला नको," मी म्हटलं. "मी म्हातारी. माझं काय? दुःख त्यांचं आहे."

"तुमची नात नव्हती ती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शशिकला तर डोळे पुसायचे सोडून बघत होती, बया. मी या मंडळीच्या घराघरांतून घास भरवत हिंडलेली बाई. मला आठवेना मी शेवटचा कुणाच्या हातून खाल्ला ते. नवरा गेला तेव्हाही मीच वाढत होते.

"तोंड उघडा, माय," जनी म्हणाली. "हात भरून आला माजा."

मी उघडलं.

वरणात मीठ कमी होतं. मी बोलले नाही.